लढणारी आकृती : अॅक्शन कार्टूनमधील वास्तवदर्शन आणि शैलीकरण

अॅनिमेशनपटातले एखादे पात्र कसे दिसावे, त्याचे डोके धडाच्या मानाने केवढे असावे, चेहरा किती रेषांत पुरा व्हावा, अंगरख्याला किती चुण्या पडाव्यात आणि ते पात्र वळले, वाकले किंवा धावले म्हणजे या सगळ्याचे काय व्हावे, हे पहिले दृश्य रेखाटण्याआधी ठरवून ठेवण्याच्या कामाला पात्ररचना म्हणतात. हे सारे निर्णय ज्या तक्त्यावर उतरतात त्याला व्यवसायात ‘मॉडेल शीट’ असे नाव आहे; त्यावर पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून आणि तिरके काढलेले असते आणि पुढे त्या मालिकेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो तक्ता बंधनकारक असतो. पात्ररचनेची दोन टोके मानली जातात. वास्तवदर्शी रचनेत शरीराची प्रमाणे, स्नायूंची ठेवण आणि छायाप्रकाश प्रत्यक्षाशी जुळते ठेवण्याचा प्रयत्न असतो. शैलीकृत रचनेत ती प्रमाणे हेतुपुरस्सर बदललेली असतात, काही गोष्टी वाढवलेल्या आणि पुष्कळशा गाळलेल्या असतात. चित्रकलेत उंची डोक्याच्या पटीत मोजण्याची जुनी रीत आहे. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो, चित्रकथेतला महावीर आठ ते नऊ डोकी, आणि मुलांच्या वाहिनीवरचा बालनायक जेमतेम तीन डोकी. या मोजणीतच हे उघड होते की ज्याला वाचक खराखुरा वीर मानतो तोही माणसाच्या मापाचा नसतो, त्यालाही कोणीतरी ताणून उंच केलेले असते. म्हणजे दोन पद्धतींमधला फरक कमीअधिकपणाचा आहे, जातीचा नाही.

महाराष्ट्रात या दोन्ही पद्धतींची घराणी नकाशावरसुद्धा दाखवता येतात आणि त्यासाठी पनवेल हे सोयीचे ठिकाण आहे. मुंबईहून येणारी वाट पनवेलजवळ दुभंगते. एक बोरघाट चढून लोणावळ्यावरून पुण्याला जाते, दुसरी पळस्पे फाट्यावरून कर्नाळ्याच्या पायथ्याने पेणमार्गे कोकणात उतरते. पहिल्या वाटेवर मळवली आहे, जिथे राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला शिळाछापखाना पुढे हलवण्यात आला. त्याच वाटेच्या शेवटी पुणे आहे, जिथे वास्तवदर्शी चित्रकथेतले एक मोठे नाव, प्रताप मुळीक, काम करत होते. दुसऱ्या वाटेवर पेणचे गणपतींचे कारखाने लागतात आणि पार दक्षिणेला कुडाळजवळ पिंगुळीचे चित्रकथी. ही विभागणी काटेकोर नाही आणि पुढे पुण्यातच ती मोडलेली दिसेल, परंतु मराठी प्रेक्षकाची नजर कोणत्या दोन चित्रपरंपरांत घडली हे समजण्यास ती उपयोगी पडते.

पहिली परंपरा अधिक प्रतिष्ठेची ठरली. रविवर्मांच्या छापील चित्रांनी देवदेवतांना माणसांचे अवयव, माणसांची कातडी आणि खिडकीतून आल्यासारखा एका बाजूचा उजेड दिला, आणि ती चित्रे देव्हाऱ्यांत व दिनदर्शिकांवर पोहोचल्यावर राम किंवा कृष्ण असाच दिसतो असे दोन-तीन पिढ्यांनी गृहीत धरले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षणाने या नजरेला शास्त्राचे पाठबळ दिले. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल या गोमंतकातून आलेल्या दोन चित्रकारांनी ती मासिकांच्या आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली, तेव्हा राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या चित्रकारांपुढे वीरपुरुषाचा नमुना जवळजवळ तयार होता : रुंद छाती, बारीक कंबर, स्पष्ट पिळदार दंड आणि शांत, नीटस चेहरा. मुळीक पुढे राज कॉमिक्सच्या ‘नागराज’कडे वळले आणि तोच नमुना त्यांनी हिरव्या कातडीच्या महानायकावर चढवला. याच काळात टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ली फॉक यांचा फँटम मराठीत ‘वेताळ’ म्हणून वाचला जात होता. त्याचेही शरीर व्यायामशाळेत घडलेल्या माणसाचे होते.

या सर्व चित्रांत एक गोष्ट समान आहे आणि तीच या प्रकरणाचा कणा आहे. ती चित्रे स्थिर आहेत. चित्रकथेच्या चौकटीतला अर्जुन एकदाच काढावा लागतो. त्याच्या बाजूबंदावर नक्षी कोरायची असेल तर ती एकदाच कोरावी लागते, आणि चित्रकाराला त्यासाठी दुपार घालवावीशी वाटली तर त्याला कोणी अडवत नाही. अॅनिमेशनमध्ये हिशेब बदलतो. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते धरायचे ही नेहमीची काटकसर केली तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात, म्हणजे बावीस मिनिटांच्या एका भागात एक पात्र सतत हलते ठेवायचे झाले तर १५,८४० चित्रे. बाजूबंदावरची पाच वळणांची नक्षी त्या भागात जवळपास ऐंशी हजार रेषा मागते, आणि त्यातली प्रत्येक रेषा आधीच्या चित्रातल्या आपल्या जागेशी जुळली नाही तर पडद्यावर ती नक्षी मुंग्यांसारखी वळवळते. अॅक्शन कार्टूनमध्ये हे ओझे सर्वांत जड होते, कारण तिथे पात्र बोलत उभे राहत नाही. ते उडी मारते, गिरकी घेते, पडते, उठते, आणि दर वेळी शरीर नव्या कोनातून दिसते.

दांडपट्ट्याचे उदाहरण घेतल्यास हे नेमके कळते. दांडपट्टा म्हणजे लांब, सरळ आणि लवचीक पाते, त्याला कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी मूठ. या मुठीमुळे मनगट बांधले जाते, त्यामुळे तलवारीसारखा मनगटाचा झटका इथे चालत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो आणि लढवय्याचे सारे शरीर गिरकीत जाते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टा फिरताना पाहणाऱ्याला पाते दिसतच नाही, हवेत उमटलेले वर्तुळ दिसते. आता हा लढवय्या वास्तवदर्शी पद्धतीने काढायचा तर खांद्याचे फिरणे, बरगड्यांचे ताणणे, अंगरख्याच्या घेराचे मागाहून येणे, मुठीच्या पोलादावरची सरकती चमक आणि पात्याचे किंचित वाकणे हे सगळे प्रत्येक चित्रात बरोबर साधावे लागते. त्यातले एक जरी चुकले तरी डोळ्याला खटकते, कारण चित्राने आपण खरे आहोत असा दावा केलेला असतो. शैलीकृत पद्धतीत चित्रकार लढवय्याचे धड एका वाकलेल्या त्रिकोणात बसवतो, अंगरख्याचा घेर एका सलग आकारात काढतो, आणि वाराच्या क्षणी पाते गाळून त्या जागी एक रुंद पांढरा चाप ओढतो. एका चौकटीपुरते ते चित्र चुकीचे असते. चालत्या दृश्यात मात्र तेच पट्ट्याच्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक ठरते.

वास्तवदर्शी वीर हलवण्याचा मोठा आणि खर्चिक प्रयत्न अमेरिकेत १९४१ मध्ये झाला. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंच्या स्टुडिओने ‘सुपरमॅन’च्या लघुपटांची मालिका काढली, १९४३ पर्यंत तिचे सतरा भाग निघाले. प्रत्यक्ष माणसाचे चित्रीकरण करून त्याच्या एकेक चौकटीवरून रेषा उतरवण्याचे जे यंत्र, त्या रोटोस्कोपचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांच्याच नावावर १९१७ पासून होते, त्यामुळे मानवी हालचालीचा त्यांचा अभ्यास कमी नव्हता. तरीही एक अडचण आली. मूळ चित्रकथेत सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. कागदावर ती उडी भव्य दिसे, पण योग्य प्रमाणाचा, भारदस्त प्रौढ पुरुष पडद्यावर टुणटुण उड्या मारू लागल्यावर ते हास्यास्पद दिसले, आणि म्हणून त्याला सरळ उडवण्याचे ठरले. एका लोकप्रिय महानायकाची सर्वांत प्रसिद्ध शक्ती अशा रीतीने वास्तवदर्शी शरीराच्या हालचालीतील अडचणीतून पुढे आली, ही गोष्ट पात्ररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फ्लायशरांइतका पैसा नसताना वास्तवदर्शी पात्र निवडले की काय होते, हे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ पाहिलेल्यांना आठवत असेल. फिल्मेशन कंपनीच्या १९८३ च्या या मालिकेत नायकाचे स्नायू तपशिलाने काढलेले होते, परंतु ते नव्याने हलवणे परवडत नसल्यामुळे धावण्याचे, वळण्याचे, ठोसा मारण्याचे ठरावीक तुकडे एकदा नीट करून ठेवले जात आणि भागामागून भाग तेच वापरले जात. चेहरा स्थिर, ओठ तेवढे हलणारे, आणि मग अचानक तीच ओळखीची गिरकी. इथे वास्तवदर्शनाचा मुख्य धोका दिसतो : चित्र जितके खऱ्याजवळ जाते तितकी प्रेक्षकाची हालचालीबद्दलची अपेक्षा वाढते, आणि ती पुरी झाली नाही तर पात्र माणूस न वाटता माणसाचा पुतळा वाटू लागते. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांच्या संदर्भात हाच विचार मांडला होता, की माणसाशी साम्य वाढत जाते तसा आपलेपणा वाढतो, पण जवळजवळ पूर्ण साम्याच्या अलीकडे एक दरी येते आणि तिथे आपलेपणाची जागा अस्वस्थता घेते. संगणकावर त्रिमितीत घडवलेल्या कित्येक पौराणिक पात्रांचे डोळे निर्जीव का वाटतात, याचे उत्तर या दरीत सापडते.

दुसऱ्या वाटेवरच्या परंपरेला ही अडचण कधी आलीच नाही. पेण आणि त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे या गावांत घडणारा गणपती मुळातच शैलीकृत आहे : हत्तीचे मस्तक, सुपासारखे कान, वाटोळे उदर आणि आखूड पाय यांना शरीरशास्त्राचा कोणताही नियम लागू होत नाही, तरी त्या आकृतीत एकही अवयव उपरा वाटत नाही. साच्यातून निघालेल्या शेकडो मूर्ती सारख्याच असतात. प्रत्येकीला निराळा जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने, आणि म्हणून आखणीचे काम कारखान्यातला कसलेला हातच करतो. वरच्या पापणीची रेघ कुठे जाड होते, बुबुळ पापणीला कितपत टेकते, एवढ्यावर मूर्ती प्रसन्न दिसते की रागीट हे ठरते. अलीकडे सार्वजनिक मंडळांच्या मागणीवरून पिळदार छातीचे, पोटावर स्नायूंचे चौकोन असलेले, चित्रपटातल्या योद्ध्यासारखे पवित्रे घेतलेले गणपतीही घडू लागले आहेत. त्यांतले कौशल्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की धड माणसाचे झाले की सोंड मुखवट्यासारखी दिसू लागते. दोन निराळ्या नियमांचे अवयव एका देहात नांदत नाहीत. हीच चूक कार्टूनमध्येही वारंवार होते.

पिंगुळीचे ठाकर समाजातील चित्रकथी याहून थेट या विषयाशी संबंधित आहेत, कारण त्यांची चित्रे युद्धकथा सांगण्यासाठीच काढलेली असतात. एका आख्यानाची सुटी चित्रे मिळून एक पोथी होते. कथेकरी वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र उभे धरतो आणि गात गात रामायण-महाभारतातले प्रसंग पुढे नेतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यामुळे या कलेकडे पुन्हा लक्ष गेले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात याच चित्रकथी परंपरेतली, पैठण शैलीची जी जुनी चित्रे आहेत त्यांत चेहरा एका बाजूने दाखवलेला असतो, पण डोळा समोरून पाहावा तसा पूर्ण आणि मोठा असतो. ही चूक नाही. दिव्याच्या उजेडात, काही अंतरावर बसलेल्या श्रोत्याला नाकाची धार पाहून पात्र ओळखता आले पाहिजे आणि डोळा पाहून त्याचा भाव कळला पाहिजे, या दोन गरजा एकाच चेहऱ्यात भागवण्याचा तो उपाय आहे. राक्षसाचे दात, वानराची शेपटी, राजाचा मुकुट या ठळक खुणा त्याच कारणाने वाढवलेल्या असतात.

या दोन परंपरा एकमेकींना परक्या मुळीच नव्हत्या. दादासाहेब फाळके जे. जे. मध्ये शिकले, रविवर्मांच्या छापखान्यासाठी त्यांनी छपाईचे काम केले, आणि त्याच फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात नुसत्या काड्या हलवून दाखवल्या. राम वाईरकरांनी ‘अमर चित्र कथे’साठी देखणा कृष्ण काढला आणि ‘टिंकल’साठी लांबोडक्या डोक्याचा सुपंडीही. त्याच मासिकात वसंत हळबे यांनी १९८३ पासून शिकारी शंभू रंगवला, ज्याची टोपी त्याच्या डोळ्यांवर कायमची उतरलेली आहे. भाव दाखवण्याचे मुख्य साधनच हळब्यांनी झाकून टाकले आणि मिशा, गुडघे व पळण्याचा कोन यांच्यावर सगळी भीती व्यक्त केली. गाळण्याचे धैर्य म्हणजे काय ते इथे दिसते.

पुण्यात या दोन वाटा एकत्र आल्या. रिलायन्स अॅनिमेशन या तिथल्या स्टुडिओने २००९ मध्ये ‘लिटल कृष्णा’ त्रिमितीत, तपशीलवार आणि मऊ छायाप्रकाशात केला. २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्स वाहिनीसाठी ‘लिटल सिंघम’ केला तेव्हा मात्र सपाट रंगांची, ठसठशीत बाह्यरेषेची द्विमिती निवडली. रोहित शेट्टी यांच्या २०११ च्या चित्रपटातला बाजीराव सिंघम हा प्रौढ, भरदार पोलीस अधिकारी. मालिकेत तो मिरची नगरचा बालपोलीस झाला. मूळ पात्रातून काय ठेवले हे पाहण्यासारखे आहे : खाकी गणवेश, काळा चष्मा आणि सिंहाच्या पंजासारखा उगारलेला हात. चेहऱ्याचे साम्य जवळजवळ सोडून दिले. पात्ररचनेत छायाकृतीची कसोटी म्हणतात ती हीच : पात्र आतून पूर्ण काळे भरले तरी नुसत्या बाह्याकारावरून ओळखू आले पाहिजे. पनवेलकरांना कर्नाळ्याचा सुळका जसा पावसाळी धुक्यातही आंगठ्याच्या आकारावरून ओळखू येतो, तसे.

अशा मालिकांत पात्र बहुधा दर वेळी नव्याने काढत नाहीत. डोके, दंड, पंजा, मांडी, पाऊल असे सुटे भाग एकदा रंगवून ते संगणकात सांध्यांवर जोडतात. या जोडणीला रिग म्हणतात. मोठे डोके आणि आखूड हातपाय रिगला सोसतात, कारण आखूड हात वाकला तरी सांधा उघडा पडत नाही. साडेसात डोकी उंचीच्या माणसाचा कोपर त्याच पद्धतीने वाकवला की कापलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो. बालनायकांची आपल्याकडे जी रीघ लागली त्यामागे बालप्रेक्षक हे कारण आहेच, पण आठवड्याला ठरावीक मिनिटे पुरवण्याचे हे अर्थकारणही तितकेच आहे.

यातून एक गैरसमज मात्र घट्ट झाला आणि त्याचे नुकसान मोठे आहे. शैलीकृत म्हणजे लहान मुलांचे आणि गंभीर म्हणजे वास्तवदर्शी, असे निर्माते आणि पालक दोघेही धरून चालतात. त्यामुळे बालवीर सोपे काढले जातात आणि ऐतिहासिक वीर हाती येताच स्नायू, दागिने आणि कातडीची छिद्रे मोजण्याची धडपड सुरू होते. अन्यत्र हा समज केव्हाच मोडला आहे. ब्रूस टिम यांच्या रचनेवर उभी राहिलेली १९९२ ची ‘बॅटमॅन’ मालिका मोजक्या कोनांत आणि काळ्या पार्श्वभूमीत शोक दाखवू शकली. गेंडी टार्टाकोव्हस्की यांच्या २००१ च्या ‘सामुराई जॅक’मध्ये बाह्यरेषाच काढून टाकली होती, आणि तिची द्वंद्वयुद्धे या माध्यमातल्या उत्तम युद्धांत गणली जातात. आपल्याकडे अर्णब चौधरी यांचा ‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’ हा २०१२ चा चित्रपट आणि शरद केळकर यांचे निवेदन लाभलेली २०२१ ची ‘द लेजंड ऑफ हनुमान’ ही मालिका यांनी प्रौढ वीराला धीटपणे वाढवलेल्या प्रमाणांत उभे करून पाहिले. मराठीत शिवचरित्रावर २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ हा अॅनिमेशनपट आला, पण त्या विषयाला साजेशी स्वतंत्र रेषा घडवण्याचे काम अजून बरेचसे बाकी आहे.

ती रेषा शोधायला दूर जावे लागत नाही. पनवेलच्या कोणत्याही रस्त्यावर मोटारींच्या मागच्या काचेवर छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र चिकटवलेले दिसते, आणि ते बहुतेक वेळा एकरंगी असते : जिरेटोपाचा बाक, कपाळावर चंद्रकोर, नाकाची सरळ धार, टोकदार दाढी आणि कानातल्या चौकड्याचे दोन ठिपके. डोळा कित्येकदा एकाच काळ्या आघाताचा असतो, गाल रिकामा असतो. त्या चित्राला कोणी बालिश म्हणत नाही, कोणी हसत नाही. कोणत्याही वास्तवदर्शी प्रतिमेइतकाच आदर त्याला मिळतो, आणि छायाकृतीच्या कसोटीवर तर ते निर्विवाद उतरते.

अॅनिमेशनसाठी त्यात एकच खरी अडचण आहे, ती वळण्याची. दख्खनी लघुचित्रांपासून या काचेवरच्या चित्रापर्यंत महाराजांची ओळख मुख्यतः एका बाजूने घेतलेल्या आकारावर टिकली आहे. आकृती समोर वळताच नाकाची धार नाहीशी होते, दाढीचे टोक गळ्यात मिसळते आणि टोपाचा बाक सपाट होतो. चित्रकथ्यांनी मान न वळवता हा प्रश्न टाळला, कारण त्यांचे चित्र हलत नव्हते. लढणाऱ्या पात्राला ती सवलत नाही. त्याच्या मॉडेल शीटवर समोरचा चेहरा बाजूच्या चेहऱ्यावरून मोजून काढण्याऐवजी निराळा रचावा लागेल : दाढीचा त्रिकोण छातीच्या रंगावर उठून दिसेल इतका गडद, चौकडे दोन्ही बाजूंना दिसतील इतके मोठे, भुवयांची आणि नाकाची मिळून एकच सलग रेषा, आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे मान फिरताना मधली दोन चित्रे इतकी झपाट्याने जाणारी की समोरचा चेहरा फक्त तिथेच थांबेल जिथे महाराज स्थिर उभे राहून बोलत आहेत.